दोन पेशंटमधली दहा मिनिटे

दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना भरतो तो संध्याकाळी सहानंतर. मुंबईचे उपनगर असो, पुण्यातली पेठ असो की एखादे तालुक्याचे गाव असो, चित्र फारसे बदलत नाही. पहिल्या मजल्यावर नेणारा जिना, दाराशी चपलांचा ढीग, ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ ही पाटी. आत भिंतीलगत बाकडी, त्यावर गालाला रुमाल लावून बसलेले आजोबा, त्यांना घेऊन आलेले घरचे दोघे, वाट पाहून कंटाळलेले आणि कोपऱ्यातल्या खेळण्यांकडे वळलेले एक पोर. टीपॉयवर पाने दुमडलेली जुनी साप्ताहिके. कोणीतरी खोकते. आतून ड्रिलचा आवाज येतो आणि सगळेजण क्षणभर गप्प होतात.

अशा वेळी आपण मनातल्या मनात दवाखान्याची तपासणी करीतच असतो. फरशी चकचकीत आहे ना, फिनेलचा वास येतो ना, डॉक्टरांनी हातमोजे घातले आहेत ना, एवढे पाहून झाले की आपले समाधान होते. गंमत अशी, की यातल्या पहिल्या दोन गोष्टींचा पेशंटच्या सुरक्षिततेशी फारच थोडा संबंध आहे. फरशीवरून कोणाच्या तोंडात जंतू जात नाहीत. चपला बाहेर काढल्याने फरशी स्वच्छ राहते, दाढ नव्हे. आणि तिसरी गोष्ट, म्हणजे हातमोजे, ते कधी बदलले यावर सगळे अवलंबून आहे.

दाताच्या दवाखान्यात सामाईक काय असते, असे विचारले तर आपण बाकडे, पंखा आणि साप्ताहिके दाखवू. पण खरी सामाईक जागा आत आहे. ती खुर्ची सामाईक आहे. तिच्यावरच्या दिव्याची मूठ, पाण्याची नळी, चूळ टाकायचे भांडे, औषधाची बाटली, सारेच सामाईक आहे. दिवसभरात दहा-पंधरा माणसे त्याच खुर्चीवर येऊन तोंड उघडतात, आणि तोंडात लाळ असते, बहुतेक वेळा थोडेफार रक्तही असते. एक पेशंट उठल्यावर दुसरा बसेपर्यंत जी दहा-पंधरा मिनिटे जातात, त्यांत काय होते यावर पुढच्या माणसाची सुरक्षितता ठरते. आपण बाहेर बसून ‘अजून किती वेळ?’ असे विचारतो तो नेमका हाच वेळ.

वाणियम्बाडीची बाटली

तमिळनाडूत तिरुपत्तूर जिल्ह्यात वाणियम्बाडी हे कातड्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. २०२३ साली तिथल्या एका दंत दवाखान्यात उपचार घेतलेली माणसे ताप, डोकेदुखी अशा तक्रारी घेऊन मोठ्या रुग्णालयांत पोहोचू लागली. त्यांच्या मेंदूपर्यंत जंतुसंसर्ग गेला होता. त्या दवाखान्याशी संबंध असलेल्या दहा पेशंटपैकी आठ जण दगावले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या व इतर संस्थांच्या तज्ज्ञांनी या प्रकरणाचा शोध घेतला आणि २०२५ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. रोग होता मेलिऑइडोसिस. त्याचा जंतू माती आणि पाण्यात राहणारा. मग तो दाढेत कसा शिरला?

शोध एका सलाइनच्या बाटलीपाशी येऊन थांबला. जखम धुण्यासाठी वापरायचे ते सलाइन. बाटली उघडण्यासाठी निर्जंतुक न केलेले एक दंतवैद्यकीय हत्यार वापरले जात होते आणि एकदा उघडलेली बाटली सैल झाकून पुढच्या पेशंटसाठी पुन्हा वापरली जात होती. त्या बाटलीत तो जंतू सापडला.

ही गोष्ट ऐकून कोणालाही प्रथम संताप येईल. पण थोडे थांबून विचार करावा. या प्रकारात कुठलेही मोठे यंत्र बिघडलेले नव्हते, काही अघटित घडलेले नव्हते. उरलेले सलाइन फेकून देण्याऐवजी ठेवून दिले, एवढेच. आपल्या घरात काटकसर म्हणून ज्याचे कौतुक होते, तीच सवय दवाखान्यात घातक ठरली. एका माणसासाठी उघडलेली बाटली त्याच माणसाबरोबर संपली पाहिजे, हा नियम छोटा आहे. दाढ सुन्न करणाऱ्या इंजेक्शनची मोठी बाटली अनेकांसाठी वापरली जाते. तिच्यात दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज गेली पाहिजे, हा नियमही तितकाच छोटा. नुसती सुई बदलून जुनी सिरिंज आत घातली, तर नियम मोडलाच.

बाहेरच्या खोलीतली हवा

आता पुन्हा बाहेरच्या बाकड्याकडे येऊ. इथे टीपॉय किंवा साप्ताहिकापेक्षा हवेचा प्रश्न मोठा आहे. गोवराचे विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतात. क्षयाचा प्रसारही हवेतूनच होतो, आणि जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. दाताच्या दवाखान्यात येणारा माणूस खोकल्याच्या तक्रारीसाठी आलेला नसतो, त्यामुळे त्याच्या खोकल्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. दहा बाय दहाची खोली, वातानुकूलन यंत्रासाठी घट्ट लावलेल्या खिडक्या आणि आत आठ माणसे, हा मामला बरा नव्हे. साधे घरगुती वातानुकूलन यंत्र तीच हवा थंड करून पुन्हा फिरवते; ते बाहेरची ताजी हवा आणत नाही. अशा खोलीत एक खिडकी उघडी ठेवणे आणि हवा बाहेर फेकणारा पंखा बसवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

२०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा हे सारे आपण शिकलो होतो. टाळेबंदीच्या काळात दंत दवाखान्यांत फक्त तातडीचे उपचार होत. पुढे दवाखाने पूर्ववत सुरू झाले तेव्हा वेळ ठरवून एकेकाला बोलावणे, बरोबरच्या माणसांना खाली थांबवणे, खिडक्या उघड्या ठेवणे, टीपॉयवरची साप्ताहिके उचलून टाकणे, हे सगळे अनेक ठिकाणी झाले. साथ ओसरली, आणि कित्येक ठिकाणी साप्ताहिके, गर्दी आणि बंद खिडक्या परत आल्या.

बाकी गोष्टींचे म्हणाल तर त्यांना हात धुणे पुरते. दाराची मूठ, केसपेपरवर सही करायचे पेन, मुलांची खेळणी यांना सगळेच हात लावतात. बेसिनपाशी दिवसभर लटकणारा एकच नॅपकिन मात्र सरळ काढून टाकावा. साबणाने धुतलेले हात दहा जणांनी पुसलेल्या ओल्या कापडाला पुसले, तर धुण्याचा अर्थ काय उरला? कागदी नॅपकिन ठेवावेत, नाहीतर हात तसेच वाळू द्यावेत. चूळ भरायला पूर्वी स्टीलचा पेला असे, त्या जागी कागदी पेला आला, ही सुधारणा आपल्या डोळ्यांदेखत झाली आहे. नॅपकिनचेही तसे होण्यास हरकत नाही.

हात पोहोचतो तिथवर

खुर्चीच्या बाबतीत एक सोपे सूत्र आहे. उपचार चालू असताना डॉक्टरांचा आणि मदतनिसाचा हात जिथे जिथे पोहोचतो, ती प्रत्येक जागा तोंडाचाच एक भाग समजावी. दिव्याची मूठ, खुर्चीचे बटण, ट्रेची कड, पाणी आणि हवा सोडणारी पिचकारी, एक्स-रेच्या यंत्राची मान, कपाटाच्या खणाची कडी. तोंडातला हात दिव्याला लागला की त्या मुठीवर लाळ आली. दुसऱ्या पेशंटच्या वेळी नवे हातमोजे घातलेला हात त्याच मुठीला लागून त्याच्या तोंडात जाणार. म्हणून अशा जागांना पातळ प्लास्टिकचे आवरण लावून ते दर पेशंटला बदलतात, किंवा जंतुनाशकाने त्या पुसून घेतात. पुसतानाही घाई चालत नाही. जंतुनाशक त्या जागेवर ठरलेली मिनिटे ओले राहावे लागते. फवारा मारून लगेच कोरडे केले तर जंतूंना नुसती आंघोळ घातल्यासारखे होते.

ही काळजी अनाठायी नाही. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. डोळ्यांना न दिसणारा एक डाग पुरतो. आणि हातमोज्यांचे तर निराळेच. हातमोजा घातलेल्या हाताने मोबाइल उचलला, पैसे घेतले, चष्मा सारखा केला आणि तोच हात पुन्हा तोंडात गेला, तर त्या हातमोज्याचा उपयोग फक्त डॉक्टरांना, पेशंटला शून्य.

ज्याच्या आवाजाने आपल्या अंगावर काटा येतो त्या ड्रिलची, म्हणजे हँडपीसची, गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्याचे टोक मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. ते थांबते त्या क्षणी तोंडातली लाळ आणि रक्ताचे कण आत ओढले जाण्याचा संभव असतो. म्हणजे बाहेरून कितीही पुसले, तरी मागच्या पेशंटचे काही तरी आत राहू शकते. म्हणूनच अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९३ साली सांगितले, की हँडपीस प्रत्येक पेशंटनंतर उष्णतेने निर्जंतुक केला पाहिजे. स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे हा त्याला पर्याय नाही. उकळते पाणीही नाही, कारण काही जंतूंची बीजे त्यातूनही वाचतात. त्यासाठी ऑटोक्लेव्ह हवा. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपला प्रेशर कुकरच, पण शिस्तीचा. १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत पंधरा-वीस मिनिटे, नाहीतर १३४ अंशांना काही थोडी मिनिटे. हत्यारे कागदी पाकिटात बंद करून आत ठेवतात, आणि वाफ लागली की पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलतो. निळ्या दिव्याची काचेची पेटी पुष्कळ दवाखान्यांत दिसते. ती निर्जंतुक केलेली हत्यारे ठेवण्याची जागा आहे, ती निर्जंतुक करण्याचे यंत्र नव्हे.

राहिले पाणी. हँडपीसमधून उडणारे पाणी अगदी बारीक नळीतून येते. रात्रभर ते नळीत उभे राहते आणि नळीच्या आतून जंतूंचा एक बुळबुळीत थर जमतो. माठ आठ दिवस घासला नाही तर आतून हाताला लागतो तसाच. ब्रिटनमध्ये १९६३ सालीच याकडे लक्ष वेधले गेले होते. तरी २०११ मध्ये इटलीत ८२ वर्षांची एक वृद्धा लेजिओनेला जंतूच्या न्यूमोनियाने दगावली आणि माग काढता काढता तो जंतू दाताच्या खुर्चीच्या पाण्यात सापडला. २०१६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे लहान मुलांच्या एका दंत दवाखान्यात दुधाच्या दातांच्या नसेचे उपचार झालेल्या, निश्चित आणि संशयित मिळून सत्तरच्या आसपास मुलांना याच पाण्यातून जबड्याचा संसर्ग झाला. काहींना पक्के दातही गमवावे लागले. उपाय महाग नाहीत. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी नळीतून पाणी वाहू द्यायचे, प्रत्येक पेशंटनंतर वीस-तीस सेकंद सोडायचे, नळ्या ठरावीक दिवसांनी औषधाने साफ करायच्या, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी हे पाणी न वापरता निर्जंतुक सलाइनच वापरायचे, तेही नव्याने उघडलेले.

विचारून कळत नाही

दंतवैद्यकातली ही शिस्त एका भीतीतून जन्माला आली. १९९० मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात किंबर्ली बर्गालिस या तरुणीला तिच्या दंतवैद्याकडून एचआयव्हीची लागण झाल्याचा संशय जाहीर झाला. पुढे त्याच दवाखान्यातले एकूण सहा पेशंट या यादीत आले. विषाणूंच्या जनुकीय रचनेत साम्य आढळले, पण लागण नेमकी कशी झाली हे कधीच सिद्ध झाले नाही. ती १९९१ च्या डिसेंबरमध्ये तेविसाव्या वर्षी गेली. जगभर घबराट उडाली. पेशंट डॉक्टरांना भिऊ लागले आणि डॉक्टर पेशंटना.

या भीतीचा वाईट परिणाम आपल्याकडेही झाला. ‘तुम्हाला एचआयव्ही आहे का, कावीळ झाली होती का’ असे विचारून, ‘हो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवण्याचे प्रकार झाले. त्यामुळे काय होते? पुढचा माणूस खरे सांगत नाही. शिवाय ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची कावीळ वर्षानुवर्षे अंगात असूनही कित्येकांना स्वतःलाच ठाऊक नसते. मग विचारून कळणार काय? म्हणून वैद्यकाने मार्ग काढला तो असा, की प्रत्येक पेशंटला लागण आहे असे समजूनच प्रत्येकाच्या बाबतीत सारखी काळजी घ्यायची. यात अपमान कोणाचाच नाही आणि सुरक्षितता सगळ्यांची आहे. एचआयव्हीबाधिताला उपचार नाकारणे हा आपल्या देशात २०१७ च्या कायद्याने भेदभाव ठरला आहे. ज्या दवाखान्यात एखाद्या पेशंटसाठी ‘खास’ काळजी घ्यावी लागते, तिथे बाकीच्यांसाठी पुरेशी काळजी घेतली जात नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

दहा मिनिटांचा हिशेब

मग हे सगळे सगळीकडे का होत नाही? डॉक्टर निष्काळजी असतात म्हणून, हे उत्तर सोपे आहे, पण ते पुरे नाही. हिशेब मांडून पाहावा. ऑटोक्लेव्ह तापायला, वाफेला आणि हत्यारे वाळायला मिळून पाऊण तास लागतो. संध्याकाळच्या तीन तासांत आठ पेशंट पाहायचे, तर दोन हँडपीसवर भागणार नाही. पाच-सहा हवेत, आणि प्रत्येकाची किंमत हजारांत. वारंवार वाफ दिली की त्यांचे आयुष्यही कमी होते. त्यात पाकिटे, आवरणे, हातमोजे, आणि खुर्ची पुसण्यात जाणारी मिनिटे. ही मिनिटे बिलावर कुठेच दिसत नाहीत. दाढ काढायचे किती, रूट कॅनालचे किती, हे आपण चार ठिकाणी विचारतो आणि शंभर रुपये कमी घेणाऱ्याकडे जातो. तो शंभर रुपये कुठून कमी करतो, हे विचारत नाही.

या हिशेबात एक व्यक्ती नेहमी विसरली जाते. डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी मुलगी किंवा मावशी. हत्यारे धुणारी तीच, कचरा भरणारी तीच. बहुधा शिकाऊ, पगार बेताचा, प्रशिक्षण म्हणाल तर आधीच्या मुलीने जाता जाता सांगितले तेवढे. रक्ताळलेल्या टोकदार हत्यारांत तिचा हात रोज जातो. तिला जाड रबरी हातमोजे मिळाले आहेत का? काविळीच्या लशीचे तीनही डोस तिला दिले आहेत का? १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ही लस देशातच तयार करून ती सामान्यांच्या आवाक्यात आणली. त्यामुळे महाग आहे म्हणून दिली नाही, ही सबब आता चालणार नाही. आणि पेशंटच्या दृष्टीनेही तीच महत्त्वाची आहे, कारण दोन पेशंटमधली दहा मिनिटे तिच्याच हातात असतात. डॉक्टर तेव्हा दुसऱ्या कोणाशी तरी बोलत असतात.

कायद्याचा धाक किती? दवाखान्याच्या कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले, २०१६ मध्ये नव्याने झाले, आणि ते एका खुर्चीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. रक्ताळलेला कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि प्लास्टिक लाल पिशवीत, काच निळ्या डब्यात आणि सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात. पण नर्सिंग होमच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी आहे. दाताच्या दवाखान्यात खाट नसते. रोज संध्याकाळी दवाखान्यात हजर असणारे तपासनीस म्हणजे तिथे बसलेले पेशंटच.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, या लेखाने घाबरून दाढदुखी अंगावर काढू नये. वर सांगितलेली प्रकरणे गाजली ती विरळ होती म्हणून. किडलेल्या दाताचा पू गळ्यापर्यंत उतरला तर तोच जिवावर बेतू शकतो.

दुसरी गोष्ट, विचारावे. आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणे उद्धटपणाचे वाटते. पण नमस्कार करून, ‘डॉक्टर, हँडपीस ऑटोक्लेव्ह केलेला आहे ना? पाकीट माझ्यासमोर उघडाल का?’ एवढे म्हणण्यात उद्धटपणा कसला? मनापासून काम करणाऱ्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो, कारण त्यांची ती अदृश्य मेहनत कोणीतरी पाहिली असे त्यांना वाटते. खुर्चीवर बसताना पाहावे, की हातमोजे आपल्यासमोर घातले का, दिव्याच्या मुठीचे आवरण नवे आहे का, सिरिंजचे वेष्टन आपल्यादेखत फाडले का. ओपीजी काढायला गेलो तर दातात धरायच्या तुकड्यावर नवे आवरण चढवले का. हे पाहायला शास्त्र शिकावे लागत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या वागण्याची. ताप, खोकला, अंगावर पुरळ किंवा ओठावर पाण्याचे बारीक फोड आले असतील, तर दात साफ करण्यासारखे काम आठ दिवस पुढे ढकलावे आणि तसे फोन करून सांगावे. ठणका असेल तर अर्थातच जावे, पण आधी कळवून आणि मास्क लावून. आजोबांना घेऊन जायला एक माणूस पुरतो. कावीळ, क्षय, मधुमेह, चालू असलेली औषधे यांपैकी काहीही डॉक्टरांपासून लपवू नये, कारण त्याचा उपयोग आपल्याच उपचारासाठी आहे.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे ती मघाची दहा मिनिटे. आधीचा पेशंट बाहेर पडला, दार पुन्हा लोटले गेले आणि आपल्याला लगेच बोलावले नाही, तर घड्याळाकडे पाहून चुळबूळ करू नये. आत मावशी दिव्याची मूठ पुसत असतील, नळीतून पाणी वाहत असेल, नवे पाकीट उघडण्यासाठी बाहेर काढले जात असेल. तो वेळ आपल्यासाठीच चालला आहे. काळजी करायची ती आधीचा माणूस उठल्याबरोबर ‘या, बसा’ अशी हाक आली तर.